सरदारांच्या दप्तरांतून : के. बी. मॅक्फार्लेन यांची इतिहाससाधना

१

इतिहासकाराची योग्यता त्याच्या ग्रंथांच्या संख्येवरून ठरविण्याचा प्रघात सर्वत्र आहे आणि तो अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. ज्याने आयुष्यभर अभ्यास केला त्याने त्या अभ्यासाचे फळ लोकांपुढे ठेवावे ही अपेक्षा रास्तच होय. परंतु ऑक्सफर्डचे केनेथ ब्रूस मॅक्फार्लेन यांना हे माप लावू गेल्यास ते फार तोकडे पडते. १९०३ साली जन्मलेले मॅक्फार्लेन १९२७ साली मॉडलिन कॉलेजचे फेलो झाले आणि १९६६ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे एकोणचाळीस वर्षे, त्याच कॉलेजात राहिले. एवढ्या प्रदीर्घ काळात त्यांच्या हयातीत त्यांच्या नावावर एकच पुस्तक निघाले. तेही चौदाव्या शतकातील धर्मसुधारक जॉन विक्लिफ याच्यावरील, आणि सामान्य वाचकाने घरबसल्या इतिहास शिकावा या हेतूने काढलेल्या एका मालेत, १९५२ साली. ज्या विषयाशी त्यांचे नाव आज जोडले गेले आहे तो विषय म्हणजे उत्तर मध्ययुगातील इंग्लिश सरदारवर्गाची सत्ता. त्या विषयावर त्यांनी जिवंतपणी एकही ग्रंथ छापला नाही; काही निबंध आणि काही व्याख्याने एवढाच त्यांचा प्रकट संसार. असे असूनही चौदाव्या व पंधराव्या शतकांतील इंग्लंडचा इतिहास त्यांच्यापूर्वी जसा लिहिला जात असे तसा त्यांच्यानंतर कोणालाही लिहिता आलेला नाही.

हे कशामुळे घडले, याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे. आमच्या मते त्याचे कारण एका वाक्यात सांगता येते. मॅक्फार्लेन यांच्यापूर्वीच्या पंडितांनी त्या सरदारांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून निकाल दिला होता. मॅक्फार्लेन यांनी निकालपत्र बाजूस ठेवले आणि आरोपींची जमाखर्चाची कागदे मागविली. हे करणे ऐकावयास सोपे आहे. प्रत्यक्षात त्यापायी एक संपूर्ण आयुष्य खर्ची पडले.

२

तो जुना निकाल काय होता हे प्रथम पाहिले पाहिजे. विल्यम स्टब्ज याने १८७४ ते १८७८ या काळात इंग्लंडच्या घटनात्मक इतिहासाचे तीन खंड प्रसिद्ध केले. त्या ग्रंथाचा अधिकार इतका मोठा होता की पुढे कित्येक पिढ्या विद्यार्थी त्याच्याच नजरेने मध्ययुगाकडे पाहत राहिले. स्टब्जच्या दृष्टीने इंग्लंडच्या इतिहासाचा नायक म्हणजे पार्लमेंट. ज्या गोष्टींनी पार्लमेंटची वाढ झाली त्या शुभ आणि ज्यांनी तिला खीळ पडली त्या अशुभ, अशी ही मांडणी होती. तेराव्या शतकात राजाशी झगडून सनदा मिळविणारे सरदार त्यामुळे थोर ठरले आणि त्यांचेच पंधराव्या शतकातील वंशज स्वार्थी, भांडकुदळ व राष्ट्रघातकी ठरले.

या अधःपाताला १८८५ साली एक नावही मिळाले. सर जॉन फॉर्टेस्क्यू या पंधराव्या शतकातील न्यायाधीशाचा राज्यकारभारावरील ग्रंथ संपादन करताना चार्ल्स प्लमर याने ‘अनौरस सरंजामशाही’ असा शब्दप्रयोग केला. त्याचा अभिप्राय असा की, पूर्वीची सरंजामशाही औरस होती. तीत धनी जमीन देई, सेवक तिच्या बदल्यात सेवा करी आणि हे नाते पिढ्यान्‌पिढ्या टिके. पुढे जमिनीची जागा पैशाने घेतली. धनी वार्षिक वेतन देऊन माणसे बाळगू लागला, त्यांना आपल्या रंगाचा पोशाख आणि बिल्ला देऊ लागला व कोर्टकचेरीत त्यांची बरीवाईट पाठराखण करू लागला. पैशाने बांधलेली ही माणसे भाडोत्री गुंडांप्रमाणे वागली, त्यांच्या जोरावर सरदार राजापेक्षा शिरजोर झाले आणि त्याची परिणती १४५५ मध्ये सुरू झालेल्या ‘गुलाबांच्या युद्धां’त झाली, अशी ही उपपत्ती होती. या युद्धांत सरदारवर्गाने स्वतःचाच संहार करून घेतला आणि १४८५ साली बॉसवर्थच्या रणावर विजयी झालेल्या ट्यूडर घराण्याला मोकळे रान मिळाले, असा तिचा शेवटही ठरलेला असे.

ही कथा आटोपशीर होती आणि नीतिबोधाच्या दृष्टीने सोयीचीही होती. तिच्यात एकच उणीव होती. ज्या माणसांविषयी ती सांगितली जात होती त्यांची स्वतःची कागदपत्रे तिच्या मुळाशी फारशी नव्हती. राजाच्या खजिन्याची व न्यायालयांची दप्तरे, पार्लमेंटचे ठराव, बखरकारांच्या हकीकती आणि पॅस्टन नावाच्या नॉर्फोकमधील एका घराण्याची १७८७ पासून छापली जाऊ लागलेली पत्रे एवढ्या सामग्रीवर ती उभी होती. पार्लमेंटमध्ये तक्रार नोंदविली जाते ती अन्यायाची. सुरळीत चाललेल्या व्यवहाराची तक्रार कोणी करीत नाही. तक्रारअर्जांवरून एखाद्या समाजाचे चित्र काढले तर तेथे गुन्ह्यांवाचून दुसरे काही दिसणार नाही, ही साधी गोष्ट त्या पंडितांच्या ध्यानात पुरेशी आली नाही.

३

मॅक्फार्लेन यांच्या अभ्यासाचा आरंभ सरदारांपासून झाला नाही. तो एका सावकारापासून झाला. विंचेस्टरचा बिशप व पुढे कार्डिनल झालेला हेन्री बोफर्ट हा चौथ्या हेन्री राजाचा सावत्र भाऊ. फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी त्याने लँकेस्टर घराण्याच्या राजांना प्रचंड रकमा कर्जाऊ दिल्या. ख्रिस्ती धर्मशास्त्राने व्याज निषिद्ध मानलेले. मग एवढा पैसा हा धर्माधिकारी कशाच्या आशेने देत होता? व्याजाची रक्कम मुद्दलातच मिळवून पावती मोठ्या रकमेची केली जात असावी, असा मॅक्फार्लेन यांचा तर्क होता. शेक्सपियरने या कार्डिनलचा अंतकाळ पश्चात्तापाने भ्रमिष्ट झालेल्या पाप्याचा रंगविला आहे. १४४७ मधील त्याच मृत्यूकडे मॅक्फार्लेन वळले ते त्याचे मृत्युपत्र, त्याच्या पुरवण्या आणि राजाने गहाण टाकलेले जडजवाहीर यांच्या याद्या घेऊन. रंगभूमीवरील पापी नाहीसा झाला आणि अखेरच्या घटकेपर्यंत येणेदेणे चोख ठेवणारा एक जाणता मुत्सद्दी पुढे आला.

या अभ्यासातून त्यांची पुढील पद्धती घडली असे आम्हांस वाटते. माणूस काय बोलला यापेक्षा त्याने कोणाला काय दिले, कोणाकडून काय घेतले आणि मरताना ते कोणाच्या हवाली केले, हे विचारावयाचे. साधारण याच सुमारास लुई नेमिअर अठराव्या शतकातील पार्लमेंटच्या सभासदांची एकेकाची चरित्रे जुळवून त्या काळच्या राजकारणाचा सांगाडा उघडा करीत होता. त्याचा गाजलेला ग्रंथ १९२९ चा. दोघांच्या रीतीत साम्य आहे. मॅक्फार्लेन यांच्यापुढील अडचण मात्र अधिक बिकट होती. अठराव्या शतकातील माणसे भरपूर पत्रे लिहीत. चौदाव्या शतकातील अर्लच्या हातचे पत्र मिळणे दुर्मिळ. त्याचा कारभारी लिहीत असे तो हिशेब मात्र मिळतो. म्हणून मॅक्फार्लेन हिशेबांच्या वाटेने गेले. घराण्यांच्या खाजगी संग्रहांत, सरकारी दप्तरखान्यांत आणि कॉलेजांच्या तळघरांत पडलेले जमाखर्च, खंडाची पत्रके, करारपत्रे, मृत्युपत्रे आणि लग्नाचे तहनामे त्यांनी वर्षानुवर्षे वाचले व उतरून घेतले.

४

या वाचनाचे पहिले मोठे फळ म्हणजे १९४४ व १९४५ या वर्षांचे त्यांचे दोन निबंध. त्यांत त्यांनी प्लमरचा शब्द कायम ठेवला आणि त्यातील शिवी काढून टाकली. अनौरस सरंजामशाही हा खऱ्या सरंजामशाहीचा विटाळलेला अवशेष नसून बदललेल्या काळाची स्वतंत्र समाजरचना आहे, असे त्यांनी प्रतिपादिले.

या रचनेचा आधार जे करारपत्र त्याचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. एकाच चामड्याच्या कागदावर एकच मजकूर दोनदा लिहीत आणि मधून दातेरी किंवा नागमोडी रेषेत तो कापीत. एक तुकडा धन्याकडे, दुसरा सेवकाकडे. वाद उत्पन्न झाला तर दोन तुकड्यांचे दाते जुळतात की नाही हे पाहिले की खरेखोटे ठरे. मजकुरात सेवक यावज्जीव शांततेत व युद्धात धन्याची सेवा करील असे कलम असे. त्याला दरसाल किती वेतन, ते कोणत्या गावच्या वसुलातून, धन्याच्या घरी आला असता त्याचे व त्याच्या माणसांचे जेवण, घोड्यांचा दाणा आणि युद्धात मिळालेल्या लुटीचा व खंडणीचा कितवा हिस्सा धन्याचा, हे सारे बारकाईने लिहिलेले असे. हा हिस्सा बहुधा तिसरा असे. लँकेस्टरचा ड्यूक जॉन ऑफ गाँट याच्या पदरी अशी माणसे सर्वांत अधिक होती आणि त्याच्या दप्तराच्या वह्या उपलब्ध असल्यामुळे ही पद्धती तेथे विशेष स्पष्ट दिसते.

आता अशा करारावर सही करणारा मनुष्य कोण होता? तो पोटासाठी तलवार विकणारा भणंग नव्हता. बहुधा तो आपल्या जिल्ह्यातील प्रतिष्ठित जमीनदार असे, न्यायाधिकारी म्हणून काम करी, पार्लमेंटवर निवडून जाई. एका धन्याचे वेतन घेऊन दुसऱ्याचेही घेण्यास त्याला मुभा असे. धनी दुबळा निघाला, खोटा निघाला किंवा जिल्ह्यात त्याचे वजन उरले नाही, तर सेवक दुसरा आश्रय शोधी. म्हणून सरदाराला आपली माणसे सतत राखावी लागत. त्यांच्या तंट्यात मध्यस्थी करणे, त्यांच्या मुलांची सोयरीक जमविणे, त्यांची शिफारस दरबारात पोहोचविणे हा त्याच्या सत्तेचा रोजचा उद्योग होता. खालच्या सभागृहातील सभासद सरदारांनी खिशात घातलेले होते, हा समजही मॅक्फार्लेन यांनी याच पुराव्याने दूर केला.

आपल्याकडील शब्दांत सांगावयाचे तर वतन आणि तैनात यांच्यातील भेद येथे उपयोगी पडेल. वतन एकदा दिले की ते काढून घेणे अवघड. वतनदाराचा नातू आजोबांच्या धन्याला ओळखीत नसला तरी वतन चालूच राहते. तैनात मात्र चाकरी होत असेतोच मिळते. जमिनीच्या बदल्यात सेवा ही जुनी इंग्लिश पद्धती तेराव्या शतकापर्यंत वतनासारखी गोठून गेली होती. वेतनाचा करार करून सरदारांनी एका अर्थी सेवेला पुन्हा जिवंत केले. ज्याला स्टब्जच्या परंपरेने ऱ्हास म्हटले त्यात मॅक्फार्लेन यांना एक व्यवहार्य सुधारणा दिसली.

पोशाख व बिल्ला यांविषयीही असेच. १३९० पासून त्यांच्या वाटपावर निर्बंध घालणारे हुकूम व कायदे पुनःपुन्हा झाले हे खरे. १४६८ व १५०४ मध्येही झाले. पण बिल्ला हे केवळ दहशतीचे चिन्ह नव्हते. लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात हान्स मेमलिंग या चित्रकाराचे एक तीन फळ्यांचे चित्र आहे. त्यात सर जॉन डन आणि त्याची पत्नी कुमारी मेरीपुढे गुडघे टेकून बसली आहेत आणि दोघांच्या गळ्यांत चौथ्या एडवर्डच्या पक्षाचे सूर्य व गुलाब गुंफलेले पट्टे आहेत. देवापुढेही धन्याचे चिन्ह गळ्यात ठेवण्यात ज्यांना भूषण वाटले त्यांच्या भावनेचा विचार इतिहासकाराने करावयास नको काय? हा सर जॉन १४६९ च्या एका लढाईत पडला असा जुना समज होता व त्यावरून चित्राचा काळही मागे ढकलला जाई. मॅक्फार्लेन यांनी कागदपत्रांवरून तो त्यानंतर तीसहून अधिक वर्षे जगल्याचे दाखविले. मेमलिंगवरील त्यांचे हे संशोधन १९७१ मध्ये, त्यांच्या पश्चात, पुस्तकरूपाने निघाले.

५

१९५३ साली ऑक्सफर्डच्या फोर्ड व्याख्यानमालेत मॅक्फार्लेन यांनी १२९० ते १५३६ या काळातील इंग्लिश सरदारवर्ग हा विषय घेतला. तेथे त्यांनी करारपत्रांपलीकडे जाऊन घराणे ही संस्थाच तपासली. सरदाराचे सर्वांत मोठे चिंतेचे कारण राजा नसे, शत्रू नसे. वारस हे असे. पुत्र नसला तर मिळकत मुलींत वाटली जाई व नावासकट घराणे बुडे. मॅक्फार्लेन यांनी पार्लमेंटला व्यक्तिशः पाचारण होणाऱ्या घराण्यांची पिढीवार मोजणी केली. तीत असे दिसून आले की, साधारणपणे दर पंचवीस वर्षांत त्यांतील सुमारे चौथा हिस्सा घराणी पुरुषवंश खुंटल्यामुळे नाहीशी होत होती. ही झीज १३०० पासूनच चालू होती आणि गुलाबांच्या युद्धांच्या काळात ती काही विशेष वाढलेली नव्हती. सरदारवर्गाने रणांगणावर स्वतःचा संहार करून घेतला ही कथा या मोजणीने निकालात निघाली. जुनी घराणी मरत होती, त्यांच्या मुलींशी विवाह करून नवी घराणी वर येत होती आणि वर्ग म्हणून सरदार कायम राहत होते.

या मृत्यूशी ते झगडत होते तो कायद्याच्या शस्त्रांनी. १२८५ च्या एका कायद्याने जमीन विशिष्ट वंशक्रमालाच मिळावी अशी बांधून देता येऊ लागली. पतिपत्नींच्या संयुक्त नावे मिळकत करून विधवेची तरतूद होऊ लागली. विश्वासू मंडळींच्या नावे जमीन करून आपल्या इच्छेप्रमाणे तिची व्यवस्था लावण्याची व अज्ञान वारसाच्या काळात ती राजाच्या ताब्यात जाऊ न देण्याची युक्ती सर्वत्र पसरली. या युक्त्यांमुळे कोणाची मुलगी हक्कास मुकली, कोणाच्या धाकट्या भावाला अनपेक्षित दौलत मिळाली आणि कित्येक विधवा इतक्या दीर्घायुषी ठरल्या की पुत्र व नातू यांचा जन्म अर्ध्या उत्पन्नावर गेला. त्या काळातील राजकीय वैरांची मुळे पुष्कळदा या मृत्युपत्रांत व लग्नपत्रिकांत सापडतात, हे मॅक्फार्लेन यांच्यामुळे अभ्यासकांना कळले.

एका माणसाच्या दौलतीचा त्यांनी केलेला अभ्यास तर नमुनेदार आहे. सर जॉन फास्टॉल्फ (मृत्यू १४५९) हा नॉर्फोकचा सरदार. शेक्सपियरच्या विनोदी फॉल्स्टाफला याच्याच नावाचा अपभ्रंश चिकटला, पण खरा फास्टॉल्फ विनोदी मुळीच नव्हता. फ्रान्समध्ये दीर्घकाळ लढून त्याने खंडणी, लूट व अधिकार यांतून पैसा मिळविला, तो इंग्लंडला आणून लंडनच्या व्यापाऱ्यांकडे ठेवला, जमिनी घेतल्या आणि केस्टर येथे विटांचा गढीवजा वाडा बांधला. त्याला मूल नव्हते. आपल्या दौलतीतून केस्टरला एक धर्मसंस्था व्हावी अशी त्याची इच्छा होती; परंतु त्याच्या पश्चात पॅस्टन घराणे आणि मृत्युपत्राचे इतर कारभारी यांच्यात मोठे भांडण जुंपले व १४६९ मध्ये नॉर्फोकच्या ड्यूकने त्या वाड्याला वेढाच घातला. शेवटी बिशप वेनफ्लीट याने तडजोड घडवून ती देणगी स्वतः ऑक्सफर्डला स्थापन केलेल्या विद्यालयाकडे वळविली. हे विद्यालय म्हणजेच मॉडलिन कॉलेज. दौलतीबरोबर कागदही आले, आणि पाच शतकांनंतर त्याच कॉलेजातील एका अध्यापकाने ते वाचून १९५७ साली युद्धाच्या नफ्याची ती गुंतवणूक उलगडून दाखविली.

या एका उदाहरणावरून पुढे शतवर्षीय युद्धात इंग्लंड एकंदर नफ्यात राहिले की तोट्यात, हा मोठा वाद उभा राहिला. १९६२ मधील निबंधात मॅक्फार्लेन यांनी नफ्याच्या बाजूने पारडे जड धरले. १९६४ मध्ये केंब्रिजचे अर्थेतिहासकार पोस्टन यांनी युद्धात गुंतलेली माणसे व वाया गेलेली साधने हिशेबात धरून उलट मत मांडले. काही थोड्यांचे भाग्य हा साऱ्या देशाचा नफा मानता येईल काय, हा पोस्टन यांचा आक्षेप आम्हांस वजनदार वाटतो.

६

सरदारांवरील आरोप असा शिथिल झाल्यावर दोष कोठे राहिला? मॅक्फार्लेन यांनी तो सिंहासनाकडे नेला. १९६४ साली ब्रिटिश अॅकॅडमीत गुलाबांच्या युद्धांवर दिलेल्या व्याख्यानात त्यांचा मुख्य मुद्दा असा होता की, बलाढ्य सरदाराचे भय दुर्बळ राजालाच असते. तिसरा एडवर्ड किंवा पाचवा हेन्री यांच्या काळीही सरदारांजवळ तीच करारपत्रे, तेच बिल्ले आणि तेवढीच माणसे होती. तरी राज्य मोडले नाही. सहावा हेन्री १४२२ साली वयाच्या पहिल्याच वर्षी राजा झाला, वाढल्यावरही त्याला राज्य हाकता आले नाही आणि १४५३ मध्ये त्याचे भान हरपले. राजा जागेवर नसल्यामुळे सरदारांचे तंटे मिटविणारा कोणी उरला नाही. लढण्याची हौस त्यांना नव्हती. पुष्कळांनी शक्य तोवर दोन्ही बाजूंपासून अंग चोरले.

याउलट समर्थ राजाही त्यांच्या परीक्षणातून सुटला नाही. कायदे करणारा थोर राजा म्हणून स्टब्जच्या परंपरेने पूजलेल्या पहिल्या एडवर्डने अर्लांच्या वारसाहक्कांशी काय केले हे त्यांनी १९६५ मध्ये दाखविले. १२९३ साली मरणोन्मुख काउंटेस इझाबेला हिच्याकडून आयल ऑफ वाइट बेट सहा हजार मार्कांना लिहून घेतले गेले. ग्लॉस्टरच्या अर्लला राजकन्या देताना त्याच्या मिळकतीचा वारसाक्रम बदलून घेतला. १३०२ साली निपुत्रिक रॉजर बिगड याच्याकडून नॉर्फोकची दौलत सोडवून त्याला पुन्हा अशा अटीवर दिली की त्याच्या भावाला ती मिळू नये. ज्याने इतरांसाठी कायदे केले त्याने स्वतःच्या घराच्या फायद्यासाठी कायद्याचा आत्मा मोडला. राजा आणि सरदार हे स्वभावतः वैरी नव्हेत, त्यांचे हित बहुधा एकच असते, आणि ते बिघडते तेव्हा दोष दोन्ही बाजूंनी शोधावा, हा त्यांच्या साऱ्या लेखनाचा निष्कर्ष म्हणता येईल.

७

एवढे हाती असता त्यांनी ग्रंथ का लिहिला नाही? फोर्ड व्याख्याने तयार होती. तरी ती छापण्यास दिली नाहीत. अजून न पाहिलेले एखादे दप्तर आपले विधान खोटे ठरवील ही धास्ती, भाषेविषयीचा कमालीचा चोखंदळपणा आणि शिष्यांच्या कामी जाणारा वेळ या तिन्ही गोष्टी त्यामागे असाव्यात. याची किंमत लहान नव्हती. ती व्याख्याने १९७३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, ग्रंथरूपाने निघाली. तत्पूर्वी १९७२ मध्ये लँकेस्टर राजे व लॉलर्डपंथी सरदार यांवरील आणि पुढे १९८१ मध्ये पंधराव्या शतकावरील निबंध प्रसिद्ध झाले. वीस वर्षे एका महत्त्वाच्या विचाराचा प्रसार केवळ शिकवणीच्या खोलीतून व्हावा हे विद्येच्या दृष्टीने हिताचे मानता येत नाही. सामग्री अपुरी म्हणून न लिहिणे हा सद्गुण खरा. पण सामग्री पुरी कधीच होत नसते.

त्यांचे खरे प्रकाशन म्हणजे त्यांचे शिष्य. जर्मनीतून निर्वासित होऊन आलेले कार्ल लायझर यांनी गुरूची दृष्टी दहाव्या शतकातील जर्मन सरदारांकडे वळविली. पुढे नाटककार म्हणून कीर्ती पावलेले अॅलन बेनेट यांनी काही काळ त्यांच्याच हाताखाली दुसऱ्या रिचर्डच्या पदरच्या माणसांचा अभ्यास केला. आणि जेरल्ड हॅरिस यांनी १९८८ साली कार्डिनल बोफर्टवरील मोठा ग्रंथ पुरा केला. गुरूने तरुणपणी हाती घेतलेला विषय असा सहा दशकांनंतर शिष्याकडून तडीस गेला.

शिष्यपरंपरेने गुरूचे सारेच स्वीकारले असे नाही. पीटर कॉस यांनी १९८९ मध्ये ही वेतनपद्धती मॅक्फार्लेन मानीत त्याहून जुनी, तेराव्या शतकातच मूळ धरलेली असल्याचे प्रतिपादिले. वॉरिकशायरच्या जमीनदार समाजावरील ग्रंथात (१९९२) क्रिस्टीन कार्पेंटर यांनी आणि सहाव्या हेन्रीवरील ग्रंथात (१९९६) जॉन वॉट्स यांनी अधिक मूलगामी शंका उपस्थित केली. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, मॅक्फार्लेन यांच्या मागून आलेल्यांनी सारे राजकारण देणेघेणे व ओळखीपाळखी यांवर आणून ठेवले. परंतु त्या माणसांच्या मनात राजधर्म, न्याय आणि लोकहित यांविषयी कल्पना होत्या व त्या कल्पनांनी त्यांच्या कृतींना मर्यादा घातल्या होत्या. आम्हांस हा आक्षेप योग्य वाटतो. हिशेबाच्या वहीत माणसाचा स्वार्थ उतरतो, श्रद्धा क्वचितच उतरते. मात्र मॅक्फार्लेन यांना हे ठाऊक नव्हते असेही म्हणवत नाही. देहाची तुच्छता सांगणाऱ्या मृत्युपत्रांच्या भाषेवरून लॉलर्ड सरदारांची धर्मबुद्धी हुडकून काढणारे तेच होते.

८

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी वाचकांस हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. मराठी राज्याच्या ऱ्हासाची मीमांसा करताना सरंजामी सरदारांच्या स्वार्थावर बोट ठेवण्याची रीत आपल्याकडे दीर्घकाळ चालत आली आहे. ती चुकीचीच आहे असे आम्ही म्हणत नाही. इंग्लंडचे कराराचे सेवक आणि आपले फौजबंद सरंजामदार यांच्यात अंतरही पुष्कळ आहे. परंतु १७७२ मध्ये थोरले माधवराव पेशवे वारल्यानंतर मध्यवर्ती सत्ता प्रथम दुबळी झाली म्हणून सरदार स्वतंत्र झाले, की सरदार स्वतंत्र झाले म्हणून ती दुबळी झाली, हा क्रमाचा प्रश्न मॅक्फार्लेन यांच्या रीतीने, घराण्या-घराण्यांच्या जमाखर्चावरून, विचारावयास हवा. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करून मूळ कागदांचे महत्त्व आपल्याला पटविले. त्या कागदांतील लढाया व तह आपण वाचले. वसुलाच्या याद्या, कर्जरोखे, दत्तकपत्रे आणि वाटणीपत्रे यांना त्या मानाने कमी वाचक मिळाले. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर अशा याद्यांची रुमाले अजून आहेत आणि ती प्रतिवर्षी पावसाने व वाळवीने कमी होत आहेत.

मॅक्फार्लेन यांच्या उदाहरणातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, एखाद्या वर्गाला दोषी ठरविणारा शब्द जेव्हा सर्वांच्या तोंडी रुळतो तेव्हा त्या शब्दाचा जन्म केव्हा, कोणाच्या लेखणीतून व कोणत्या कामासाठी झाला हे आधी विचारावे. दुसरी अशी की, जे कळले ते अपुरे असले तरी वेळेवर लिहून ठेवावे. पहिली त्यांनी आयुष्यभर आचरून दाखविली. दुसरी त्यांच्यासाठी त्यांच्या मित्रांना व शिष्यांना करावी लागली.